दोन वर्षांवाली डिग्री

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याजवळच्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात मे महिन्यात उभं राहायला जागा नसते. कुणाला मूल निवासी, म्हणजे अधिवासाचं प्रमाणपत्र काढायचं असतं, कुणाची समग्र आयडी आधारशी जुळत नसते, कुणाच्या बापाचं नाव मार्कशीटवर एक आणि राशनकार्डावर दुसरंच. त्या गर्दीत माझ्या भाचीने दुकानदाराला विचारलं, "भैया, ती दोन वर्षांवाली नर्सिंगची डिग्री असते ना, तिचा फॉर्म कधी निघतो?" त्याने स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, "पोस्ट बेसिक. रजिस्ट्रेशन नंबर बोला." "कसलं रजिस्ट्रेशन?" "नर्सचं."

भाची माझ्याकडे पाहू लागली. तिच्याकडे बायोलॉजी घेऊन केलेली बी.एस्सी. होती, बारावीचे गुणही बरे होते. नर्सचं रजिस्ट्रेशन तेवढं नव्हतं. नर्स व्हायला तर ती निघाली होती!

खरं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. भाचीने ऐकलेली डिग्री आहे, पण ती बऱ्हाणपुरात नाही, भोपाळमध्ये नाही, मुंबईतही नाही. दुकानदाराने सांगितलेली डिग्री आहे, पण ती भाचीसाठी नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि बऱ्याच घरांत त्यापायी एखादं वर्ष वाया जातं.

भाचीला तिच्या त्या डिग्रीची माहिती मिळाली होती न्यू जर्सीत नांदणाऱ्या नात्यातल्या एका सुनेकडून. अमेरिकेत ज्याच्याकडे आधीच कुठल्या तरी विषयातली पदवी आहे, त्याला नर्सिंगची पदवी साधारण बारा ते अठरा महिन्यांत पुरी करता येते. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ साली असा अभ्यासक्रम काढला, पुढे तो देशभर पसरला. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचा असाच अभ्यासक्रम पंधरा महिन्यांचा आहे. बँकेत काम केलेली, शाळेत शिकवलेली, दोन लेकरांची आई झालेली माणसं तिथे अर्ज करतात, आणि अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात.

ऐकणाऱ्याच्या लक्षात 'पंधरा महिने' एवढंच राहतं. पण ते पंधरा महिने जमतात कसे, हे पाहिलं पाहिजे. चार वर्षांच्या अमेरिकन पदवीत इतिहास, भाषा, समाजशास्त्र, गणित असे विषय असतात. ते पहिल्या पदवीत झालेले म्हणून माफ होतात. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय अर्जदाराने आधीच, आणि चांगल्या गुणांनी, पुरे करून यायचे असतात. परदेशातली पदवी असेल तर तिची समकक्षता तिथल्या मूल्यमापन संस्थेकडून ठरवून घ्यावी लागते. त्यावर शिफारसपत्रं, आणि 'मला नर्स का व्हायचंय' हे स्वतःच्या शब्दांत. मग जे उरतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीशिवाय, सलग शिकवलं जातं. सोबत नोकरी करू नका असं बहुतेक ठिकाणी बजावून सांगतात. म्हणजे सुटी कापली, माफ झालेले विषय कापले, वॉर्डातल्या रुग्णांपाशी घालवायचे तास मात्र शाबूत ठेवले.

आता आपल्याकडचं. नर्सिंगचं शिक्षण कसं असावं हे भारतात १९४७ च्या कायद्याने आलेली इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. तिच्या नियमांत बी.एस्सी. बायोलॉजी झालेल्या मुलीला एका दिवसाचीही सूट नाही. तिने पहिल्या वर्षाला, बारावी पास मुलींच्या शेजारी बसायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात तिला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र शिकवलं जाणार, आणि त्यातलं थोडंफार तिने आधी शिकलेलं असणार. तरीही. माझ्या मते हा नियम फेरविचाराच्या लायकीचा आहे. बऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव या पट्ट्यात घरोघरी एखादी बी.एस्सी. झालेली, नोकरी नसलेली पोरगी सापडेल, आणि दवाखान्यांना माणसं हवीत. पण आज नियम आहे तो असा, आणि फॉर्म आजच्या नियमाने भरायचा असतो.

मग दुकानदाराची 'दोन वर्षांवाली' कुठली? ती पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. ज्यांनी बारावीनंतर जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा केला आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवलं, त्यांच्यासाठी. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यावर ही दोन. बोटं मोजा: पाच वर्षं. सरळ चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग केली असती तर चारच लागली असती. तेव्हा हा जवळचा रस्ता नव्हे, वळसा आहे.

तरी पॉवरलूमवर राबणाऱ्या किंवा केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या घराला या वळशाचा उपयोग मी जवळून पाहिला आहे. तीन वर्षांनी मुलगी कमावती होते. धाकट्या भावाची फी ती भरते, आणि मग तीस वर्षांची होण्याच्या आत स्वतःच्या पैशाने पदवी घेते. नोकरी सोडणं परवडत नसेल तर इग्नूचा मुक्त शिक्षणातला पोस्ट बेसिकही आहे. तो किमान तीन वर्षांचा. त्याला प्रवेश परीक्षा आहे, आणि बारावीनंतर डिप्लोमा केलेल्या नर्सला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. वॉर्डात रात्रपाळी करून सकाळी संपर्क वर्गाला बसणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापुढे 'झटपट डिग्री' हा शब्द काढू नये.

डिप्लोमावालीला पदवी कशाला हवी, असं घरातले वडीलधारे विचारतात. उत्तर सरकारी भरतीत आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट नावाची परीक्षा २०२० पासून होते. तिच्यात पदवीधर, मग ती बी.एस्सी. असो की पोस्ट बेसिक, थेट बसू शकते. जीएनएमवालीला त्याआधी किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलेलं असावं लागतं. पुढे एम.एस्सी. करायची, नर्सिंग कॉलेजात शिकवायचं, तर पदवीशिवाय दार उघडत नाही.

आमच्या भाचीचा रस्ता मग चार वर्षांचाच. इथून पुढचं सगळं तिच्यासाठी शोधून काढलं ते.

मध्य प्रदेशातल्या सरकारी नर्सिंग कॉलेजांतल्या बी.एस्सी.च्या जागा पीएनएसटी, म्हणजे प्री नर्सिंग सिलेक्शन टेस्ट, या परीक्षेतून भरल्या जातात. जीएनएमसाठीची परीक्षा वेगळी. परीक्षा घेतं ते कर्मचारी चयन मंडळ. जुन्या माणसांना 'व्यापमं' म्हटल्यावर लगेच कळतं, आणि जुन्या घोटाळ्याच्या आठवणीने थोडी धास्तीही वाटते. नाव बदललं तरी शब्द लोकांच्या तोंडून जात नाही. इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन इथली सरकारी कॉलेजं या परीक्षेच्या मागे आहेत. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं इंदूर.

देशभरासाठी कौन्सिलने अभ्यासक्रमाचे नवे नियम केले. ते २०२० चे म्हणून ओळखले जातात आणि २०२१ मध्ये राजपत्रात आले. त्यांत वय किमान सतरा आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेलं हवं, असं आहे. गुणांची अट ४५ टक्क्यांची, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० ची. प्रवेश परीक्षेचा साचाही नियमांतच आहे. शंभर गुणांची वाटणी पाच सारख्या वाट्यांत केली आहे: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगकडे असलेला कल, प्रत्येकी वीस.

या वाटणीकडे नीट बघा. आपल्याकडच्या मुली 'बायो पक्कं आहे' म्हणून निर्धास्त असतात. बायो वीसच गुणांचं. इंग्रजीही वीसच गुणांचं, आणि मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेली मुलगी तिथेच मागे पडते. उतारा वाचून उत्तर द्यायचं, काळ ओळखायचा, शब्दयोगी अव्ययाची योग्य जागा भरायची, असलं इंग्रजी असतं. तीन महिने रोज अर्धा तास दिला तर हे वीस गुण सगळ्यांत स्वस्तात मिळतात. भौतिकशास्त्राची भीती बाळगणाऱ्यांनी किमान हे तरी करावं. कलाच्या प्रश्नांना खास पुस्तक लागत नाही. एकाच वेळी दोन रुग्ण हाक मारतात, एकाला पाणी हवंय आणि दुसऱ्याचा श्वास लागलाय, आधी कुणाकडे जाल, असे ते प्रश्न. घरात आजारी आजीची सेवा केलेल्या मुलीला ते कोचिंगवाल्यापेक्षा चांगले सुटतात.

फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची नियम पुस्तिका उघडावी. कंटाळवाणी असते, सरकारी हिंदीत असते, तरी उघडावी. मुलींना जागा किती, मुलांना आहेत की नाहीत, आरक्षणाचं प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात हवं, हे सगळं तिच्यात असतं आणि वर्षागणिक बदलतं. गेल्या वर्षीच्या मैत्रिणीने सांगितलं त्यावर विसंबून यंदाचा फॉर्म भरणं ही आपली खास सवय.

मूल निवासीची गोष्ट बऱ्हाणपूरकरांसाठी वेगळी सांगायला हवी. आपण बोलतो मराठी, सोयरिकी रावेर, यावल, भुसावळकडे, गाडीत बसलं की रावेर अर्ध्या तासात. पण २००३ साली खंडव्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा मध्य प्रदेशात आहे, आणि सरकारी जागेच्या हिशेबात ती राज्याची हद्द तापीच्या पुरासारखी आडवी येते. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी आहे. तिथल्या राज्याच्या कोट्यातली जागा महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असलेल्यालाच मिळते. जळगावला मामाकडे राहून बारावी केलेल्या मुलीचा पेच तर विचारू नका. शाळा महाराष्ट्रातली, बाप मध्य प्रदेशातला. असल्या घरांनी दहावीनंतरच ठरवावं, बारावीनंतर नाही.

ज्यांना हद्दीच्या या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी देशपातळीवरची दोन दारं आहेत. एक एम्सचं. भोपाळ आणि नागपूर, दोन्हीकडे एम्स आहे. एम्सची बी.एस्सी. ऑनर्सची परीक्षा वेगळी असते. बारावीच्या चार विषयांत ५५ टक्के लागतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. दुसरं दार सैन्याचं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.साठी देशभरात २२० जागा, त्यांतल्या ४० पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात. हे फक्त मुलींसाठी, विवाहितांना नाही, निवड नीट परीक्षेच्या गुणांवरून सुरू होते, आणि शिक्षण झालं की सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. आपल्या भागात हे दार फारसं कुणाला माहीत नाही, याची मला हळहळ वाटते.

जीएनएममधल्या 'एम'बद्दल सांगायचं राहिलं. मिडवाइफरी, म्हणजे सुईणपण. आपल्याकडे हे काम शिकायचं म्हटलं की अजून काही घरांत नाकं मुरडतात. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयाच्या आधाराने नर्सिंगचं आणि सुईणपणाचं शिक्षण मिळवून दिलं, तेव्हा नाकं किती मुरडली गेली असतील! पण बऱ्हाणपूरच्या माणसाने तरी या कामाला कमी लेखू नये. १६३१ च्या जूनमध्ये आपल्या याच शहरात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. मूल जगलं, आई गेली. तापीपल्याड जैनाबादच्या आहूखान्यात तिला पहिल्यांदा पुरलं. ताजमहाल त्यानंतरचा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे तिच्या मृत्यूचं कारण असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बादशहाच्या छावणीत हकीम होते, दासी होत्या, जे मागाल ते होतं. आज नर्सिंगची विद्यार्थिनी लेबर रूममध्ये जे शिकते ते मात्र नव्हतं: मूल बाहेर आल्यावर मिनिटभराच्या आत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन, वार नीट बाहेर काढणं, गर्भाशय आकसून घट्ट झालंय की नाही हे हाताने चाचपणं, पुढचे दोन तास रक्तावर आणि नाडीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष. चौदा बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थकलेलं असतं आणि ते नीट आकसत नाही, म्हणून ती जास्त धोक्यात, हेही विद्यार्थिनीला पाठ्यपुस्तकात शिकवतात. पण चाचपून ओळखायला बोटं शिकावी लागतात. बोटं शिकतात ती वीस-पंचवीस बायकांच्या पोटावर हात ठेवल्यावर, एका पुतळ्यावर नव्हे. म्हणून कौन्सिल विद्यार्थिनीकडून केसबुक मागते: इतक्या तपासण्या, इतक्या प्रसूती स्वतःच्या हातांनी, प्रत्येकीवर सही.

रुग्णच नसलेल्या कॉलेजात हे केसबुक कसं भरलं जातं, ते मध्य प्रदेशाने पाहिलं आहे. जबलपूरच्या उच्च न्यायालयात याचिका झाली. कॉलेजं कागदावर आहेत, इमारत भाड्याची, रुग्णालय नावापुरतं, एकच शिक्षक अनेक ठिकाणी प्राचार्य. न्यायालयाने सीबीआयला तपास सांगितला. तीनशेहून जास्त कॉलेजं तपासली गेली, त्यांतली १६९ निकषांत बसली. २०२४ मध्ये सरकारने ६६ कॉलेजं बंद करायला घेतली. त्याच वर्षी तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि तपासाचाच तपास करायची वेळ आली. दरम्यान २०२० साली नाव घातलेल्या मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं लांबत गेल्या. चार वर्षांची पदवी संपेना. मोबदल्यात काही नाही, फी मात्र भरलेली.

'लवकर कुठे होईल' या प्रश्नाचं खरं उत्तर मला या प्रकरणात सापडलं. आपल्याकडे वर्षं कापणारा अभ्यासक्रम नाही. पण वर्षं खाणारी कॉलेजं आहेत.

ओळखायचं कसं? कौन्सिलचा नियम ढोबळमानाने असा की कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं, आणि वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण. चाळीस मुली पोस्टिंगला गेल्या तर एकशेवीस रुग्ण समोर पाहिजेत. कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलच्या यादीत त्याच वर्षासाठी आहे का, हे पाहावं. गेल्या वर्षीची मान्यता म्हणजे शिळा कागद. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून दोनच प्रश्न विचारावेत: मागची परीक्षा कधी झाली, आणि प्रसूती किती स्वतः केल्या. त्या दोघी-तिघी एकमेकींकडे पाहून हसल्या तर घरी परत यावं.

लग्न होऊन सीमेपलीकडे जाणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. भोपाळची नोंदणी मुंबईत आपोआप चालत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि भोपाळहून ना हरकत पत्र आणावं लागतं. हल्ली देशभराच्या नोंदवहीत प्रत्येक नर्सला एकच क्रमांक मिळतो, त्यामुळे हे काम पूर्वीइतकं छळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. त्यात सगळ्या देशासाठी एकसारखी प्रवेश परीक्षा आणि एकच राष्ट्रीय नोंदवही आहे. तो पुरता अमलात आला की रावेर आणि बऱ्हाणपूर यांच्यातलं अंतर रेल्वेच्या वेळापत्रकाइतकंच उरेल, अशी आशा ठेवायला हरकत नाही. आमच्या मुलींची लग्नं मात्र कायद्यासाठी थांबणार नाहीत, तेव्हा ना हरकत पत्राची फाइल हुंड्यातल्या भांड्यांपेक्षा जपून ठेवा. (हुंडा देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.)

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचीला घेऊन मी एक खासगी कॉलेज पाहायला गेलो. नाव लिहीत नाही. पीएनएसटीत नाहीच लागला नंबर तर सोय असावी म्हणून. कार्यालयात थंड पाणी मिळालं, रंगीत माहितीपत्रक मिळालं, फीचे तीन हप्ते करून मिळतील असं आश्वासन मिळालं. रुग्णालय मागच्या अंगाला होतं. दारावर शंभर खाटांची पाटी. मी साहेबांशी बोलत होतो तेवढ्यात भाची आत जाऊन आली. दहा मिनिटांत परतली आणि काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मामा, खाटा मोजल्या. बऱ्याच आहेत. गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. माणसं नऊ."

"मग?"

"सकाळचे साडेदहा वाजलेत. दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दी असते ती वेळ." तिने माहितीपत्रकाची घडी घातली आणि पर्समधून इंग्रजीची वही काढली. खिडकीबाहेर केळीच्या बागा पळत होत्या. ती ओठांतल्या ओठांत शब्दयोगी अव्ययं पाठ करत होती.